कारखान्याने परत बोलावलेली गाडी

कारखानदार आपण होऊन म्हणतो, "चूक आमची आहे, गाडी आणा, फुकट दुरुस्त करून देतो," हे आपल्या लोकांना चटकन खरे वाटत नाही. पण मे २०२१ मध्ये रॉयल एनफील्डने हेच केले. डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात बनलेल्या मिटीअर, क्लासिक व बुलेट या २,३६,९६६ मोटारसायकली तिने परत बोलावल्या. याला रिकॉल म्हणतात.

दोष होता इग्निशन कॉईलचा. बॅटरीचा बारा व्होल्टचा दाब ही कॉईल हजारो व्होल्टांपर्यंत चढवते, तेव्हा कुठे प्लगला ठिणगी पडते. कॉईल सदोष असली की इंजिन मिस मारते, ओढ कमी होते आणि क्वचित शॉर्ट सर्किटही होते. कॉईल बदलावी लागेल अशा गाड्या दहा टक्क्यांहून कमी निघतील, असा कंपनीचा अंदाज होता. पण कोणत्या, ते बाहेरून कसे कळणार? म्हणून सगळ्याच तपासायच्या.

आपण काय करतो? नाक्यावरच्या मिस्त्रीकडे जातो. तो प्लग बदलतो, पैसे घेतो. त्या बिचाऱ्याचा दोष नाही. पण तक्रार त्या गॅरेजातच मरते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली ११०-अ हे कलम आले. दोषामुळे चालकाला, प्रवाशाला वा रस्त्यावरच्या कोणालाही अपाय होण्यासारखा असेल, तर केंद्र सरकार कारखानदाराला गाड्या परत घ्यायला लावू शकते. मात्र तो दोष सरकारपुढे यावा लागतो. चाचणी-संस्थेकडून येईल, नाहीतर ठराविक टक्के मालकांच्या तक्रारींतून. हे 'ठराविक टक्के' युनियनच्या माणसाला चांगलेच ओळखीचे! एकट्याचा अर्ज टेबलावर पडून राहतो, शंभर सह्या असल्या की साहेब खुर्चीतून उठतो.

कधी कधी एकच आगही पुरते. २६ मार्च २०२२ रोजी पुण्यात ओलाची विजेची स्कूटर रस्त्याकडेला पेटली. पुढच्याच महिन्यात कंपनीने त्या बॅचच्या १,४४१ स्कूटर तपासणीला परत घेतल्या.

आपल्याकडे आणखी एक घोटाळा होतो. वणी म्हणा, पुसद म्हणा, सेकंडहँड गाडी घेऊन ती नावावर न करता वर्षानुवर्षे फिरवणारे पुष्कळ. कंपनीचे पत्र जाते जुन्या मालकाच्या पत्त्यावर! तेव्हा आर.सी. वरचा चासी नंबर घेऊन कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये जावे आणि "या नंबरावर रिकॉल बाकी आहे काय?" एवढेच विचारावे. असल्यास दमडी देऊ नये, जॉबकार्ड मात्र मागून घ्यावे. टाळाटाळ झाली तर लेखी तक्रार द्यावी, ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ क्रमांक फिरवावा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग यवतमाळातच आहे.

सुटा भाग यायला वेळ लागतो. सप्टेंबर २०२१ मध्ये मारुतीने मोटर-जनरेटरच्या दोषासाठी १,८१,७५४ गाड्या बोलावल्या, पण भाग बदलण्याचे काम नोव्हेंबरात सुरू व्हायचे होते. तोवर साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊ नका, विजेच्या भागांवर पाण्याचा फवारा मारू नका, असे तिने मालकांना कळवले होते. पावसाळ्यात आपल्या नाल्यांवरून गाडी घालणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.