कंप भूमीचा, ओझे माळवदाचे

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यात पांगरा शिंदे म्हणून जे गाव आहे, त्याच्या परिसरात गेली काही वर्षे भूगर्भातून अधूनमधून गूढ आवाज येतात. फळीवरची भांडी खणखणतात, पत्रे थरथरतात, माणसे अंगणात येऊन उभी राहतात आणि घटकाभराने पुन्हा आपापल्या कामाला लागतात. अशा आवाजांना सरावलेल्या या मुलखालाही २१ मार्च २०२४ च्या पहाटेने मात्र खडबडून जागे केले. सहा वाजून आठ मिनिटांनी कळमनुरी तालुक्यातील आखाडा बाळापूरच्या बाजूला ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला, पाठोपाठ अकरा मिनिटांनी ३.६ तीव्रतेचा दुसरा धक्का बसला, आणि थेट नांदेड-परभणीपर्यंत लोक घराबाहेर पडले. पुढे १० जुलैला, सकाळी सव्वासातच्या सुमारास, त्याच तालुक्यातील रामेश्वर तांड्याच्या आसपास केंद्र असलेला ४.५ तीव्रतेचाच धक्का पुन्हा बसला, तेव्हा पायाखाली एखादा ज्वालामुखी तर जागा होत नाही ना, अशी शंका पारावरच्या गप्पांत निघाली असल्यास नवल नाही.

शंका निराधार असली तरी हास्यास्पद नाही. कारण ज्या भूमीवर हा जिल्हा वसला आहे ती खरोखरच ज्वालामुखीची निर्मिती आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूपृष्ठाला लांबच लांब भेगा पडून त्यांतून लाव्हारस वाहू लागला, एक थर निवतो न निवतो तोच त्यावर दुसरा पसरला, आणि आज जेवढा शिल्लक आहे तेवढाच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भरेल असा काळ्या पाषाणाचा अवाढव्य पट तयार झाला. औंढा नागनाथाच्या मंदिराचा काळा दगड, विहीर खणताना मुरुमाखाली लागणारे आणि पहारीला दाद न देणारे कातळ, आणि वसमतची हळद जिच्यात पिकते ती काळी जमीन, ही सर्व त्याच लाव्ह्याची संतती होय. परंतु तो अग्नी केव्हाच विझला. भारताच्या हद्दीत आज जागृत असलेला ज्वालामुखी एकच, तोही अंदमानच्या समुद्रातील बॅरन बेटावर. (पलीकडच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवरही ज्वालामुखीचे मुख नव्हे, ते उल्कापाताने पडलेले विवर आहे.) इंडोनेशियात मेरापीच्या उतारावरील शेतकरी सुपीक राखेच्या लोभाने धुमसत्या पर्वताशेजारी संसार थाटतो आणि केव्हा ना केव्हा त्याची किंमत मोजतो, आपल्या वाट्याला मात्र ती सुपीकता आयतीच आली आहे, आणि या दैवदत्त सवलतीची आपण फारशी दखल घेत नाही.

मग भूमी हादरते कशाने? पृथ्वीचे कवच अखंड नसून ते अनेक प्रचंड फलकांत विभागलेले आहे आणि हे फलक अत्यंत मंद गतीने सरकत असतात, ही कल्पना आज शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु १९१२ साली आल्फ्रेड वेगेनर या जर्मन संशोधकाने खंडे सरकतात असे प्रतिपादन केले, तेव्हा बहुतेक विद्वानांनी त्याची वासलातच लावली, आणि सागरतळाच्या अभ्यासाने त्याचा मूळ विचार उचलून धरेपर्यंत १९६० चे दशक उजाडले. वेगेनर स्वतः १९३० मध्येच ग्रीनलंडच्या हिमात मरण पावला होता. भारताचा फलक वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर या वेगाने उत्तरेकडे सरकत आशियाच्या भूखंडाला रेटा देत आहे. या रेट्याने हिमालय उंचावला. परंतु त्याचा दाब हिमालयापाशीच संपत नाही, तो सबंध द्वीपकल्पाच्या पाषाणात साठत राहतो, आणि लाव्ह्याच्या थरांखाली दडलेल्या एखाद्या पुरातन भेगेपाशी, जिथे खडक मुळातच दुबळा आहे, तिथे अचानक मोकळा होतो. हे घडणे भूपृष्ठाच्या निकट असले की धक्का क्षुल्लक असूनही त्याच्या पहिल्या, जलद लहरी जमिनीतून हवेत उतरतात व कानाला गडगडाट म्हणून ऐकू येतात. पांगरा शिंद्याच्या गूढ आवाजाचे सर्वांत सयुक्तिक स्पष्टीकरण हेच आहे. कोयनेच्या परिसरातील भूकंपांचा संबंध तेथील जलाशयाशी असल्याचे शास्त्रज्ञ मानतात, हे खरे. म्हणून इथल्या प्रत्येक धक्क्याचा ठपका इसापूरच्या धरणावर ठेवण्याची जी घाई होते, तिला मात्र तेवढा आधार पुरत नाही.

मराठवाड्यात भूकंप हा शब्द उच्चारला की किल्लारी आठवल्याखेरीज राहत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे नुकतीच निजली असताना, सुमारे ६.२ तीव्रतेच्या त्या धक्क्याने लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत दहा हजारांच्या घरात माणसे दगावली. आदल्या वर्षापासूनच त्या भागात लहान धक्के जाणवत होते. तथापि सरकारी नकाशात तो प्रदेश भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित म्हणून नोंदलेला होता. ४.५ आणि ६.२ हे आकडे कागदावर शेजारी वाटले तरी त्यांतील ऊर्जेचा फरक सुमारे साडेतीनशे पटींचा आहे; त्यामुळे हिंगोलीची किल्लारीशी बरोबरी करून रात्र जागून काढणे अकारण आहे. मात्र लहान धक्क्यांवरून मोठ्याचे भाकीत करता येत नाही, तसे अभयपत्रही लिहून देता येत नाही. जो कोणी तिथी-वार सांगून भूकंप वर्तवतो, त्याला खुशाल वाटेला लावावे.

किल्लारीत माणसे मेली ती घराखाली. दोन-अडीच फूट जाडीची भिंत, आतून एक व बाहेरून एक असे दगडांचे दोन पदर, मध्ये कपऱ्या आणि चिखल, आणि दोन्ही पदरांना आरपार बांधणारा लांब दगड क्वचितच. वर माळवद, त्यावर उन्हाच्या काहिलीपासून व गळतीपासून बचाव म्हणून पांढऱ्या मातीचा थर, जो दर पावसाळ्याआधी नवी माती पडून बापाच्या काळापेक्षा मुलाच्या काळात अधिकच जाड झालेला. भूमी आडवी हलताच भिंतीचे दोन पदर सोललेल्या शेंगेसारखे विलग झाले आणि टनावारी माती निजलेल्या माणसांवर कोसळली. ज्या घरांत छपराचा भार लाकडी खांबांवर, म्हणजे जुन्या भाषेत खणावर, पेललेला होता, तिथे अनेक ठिकाणी भिंती ढासळूनही खण उभे राहिले. गावच्या सुताराची ही विद्या एखाद्या पदवीधर अभियंत्याने डोळे भरून पाहावी अशी होती.

हिंगोलीच्या खेड्यांत अशी माळवदे अजून आहेत. त्यांच्या जोडीला पत्र्याची छपरे आली, आणि वादळात पत्रे उडू नयेत म्हणून त्यांवर मोठमोठे दगड ठेवण्याची रीत आली. २०२४ च्या धक्क्यानंतर हे दगड काढून घ्यावेत असे आवाहन प्रशासनाला करावे लागले, ही मला त्या सबंध प्रकरणातील सर्वांत शहाणपणाची सरकारी सूचना वाटते. पण वारा दर उन्हाळ्यात येतो, भूकंप क्वचित. त्यामुळे काढलेला दगड वळवाच्या पहिल्या वावटळीपर्यंतच खाली राहण्याचा संभव असतो. पत्रा वाशाला आकड्यांनी नीट जखडावा, माळवदावरची जुनी माती उतरवून पातळ थरच ठेवावा, दोन-दोन हातांवर भिंतीत भोक पाडून सळई घातलेला काँक्रीटचा आडवा सांधा भरावा, दारा-खिडक्यांच्या वरून घराला सलग पट्टा बांधावा: किल्लारीनंतर लातूर-उस्मानाबादेत जुनी घरे बळकट करण्याच्या कामी हेच मार्ग सुचवले गेले, आणि ते गावच्या गवंड्याच्या आवाक्यातले आहेत. यात पहिले काम माती उतरवण्याचे. त्याला सिमेंट लागत नाही, फावडे आणि घमेली पुरतात, आणि ते पाऊस सुरू होण्यापूर्वी उरकायचे असते.