उपवासाच्या पंचांगातून आलेलं ग्रीक जेवण

ऑगस्ट उजाडला की ग्रीसच्या बाजारात टोमॅटो, वांगी, झुकिनी, भोपळी मिरची आणि बोटाच्या दोन पेरांएवढी भेंडी यांचे ढीग लागतात. नेमक्या त्याच वेळी, १ ते १४ ऑगस्टपर्यंत, ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती घरांत मरियमेच्या सणाआधीचा उपवास चालतो. मांस, दूध, चीज, अंडी बंद. म्हणजे मळा सर्वांत भरलेला असतो तेव्हाच धर्म सांगतो, भाज्याच खा. भूमध्य सागराकाठच्या ज्या आहाराचं आज जगभर आरोग्यासाठी कौतुक होतं, त्यातल्या ग्रीक शाकाहारी पदार्थांची घडण या पंचांगाने केली आहे, असं माझं ठाम मत आहे.

ईस्टरआधीचे जवळपास सात आठवडे, १५ नोव्हेंबरपासून नाताळपर्यंतचे ४० दिवस आणि बहुतेक प्रत्येक बुधवार-शुक्रवार, असा सगळा हिशेब केला तर काटेकोर पाळणाऱ्यांचं निम्मं वर्ष उपवासात जातं. काही वारी तर ऑलिव्हचं तेलही वर्ज्य. आपल्याकडे चातुर्मासात वांगं बंद होतं आणि चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याने पुन्हा पानात येतं. तिकडे ऑगस्टच्या उपवासात वांगंच पानातला मुख्य पदार्थ होतं. हे वांगं मुळात आपल्याच बाजूचं. इराण आणि अरब मुलखांतून ते भूमध्य सागरापर्यंत पोचलं. टोमॅटो, मिरची आणि फरसबी मात्र अमेरिकेतून आलेली, त्यामुळे ज्याला आज अस्सल ग्रीक चव म्हणतात तिचा बराच भाग गेल्या काही शतकांतला आहे.

निम्मं वर्ष भाज्यांवर काढायचं तर त्या पोटभरीच्या हव्यात. ते काम तेल करतं. अशा पदार्थांना ग्रीसमध्ये ‘लादेरा’ म्हणतात, म्हणजे तेलातल्या भाज्या. फरसबीचंच घ्या. किलोभर शेंगांना वाटीभर तेल, हे तिथे जास्त समजत नाहीत. चिरलेला कांदा तेलात मऊ करायचा, शेंगा टाकायच्या, टोमॅटो किसून घालायचे, मीठ आणि पार्सली घालून झाकण ठेवायचं. मंद आचेवर पाऊण तास तरी शिजू द्यायचं. पाणी आटून भाजी निव्वळ तेलावर राहिली की झाली. शेंग दाताखाली करकरता कामा नये. भाजी कोमट झाल्यावर पावाबरोबर खातात. दुसऱ्या दिवशी ती आणखी मुरते. भेंडी आधी व्हिनेगर-मीठ लावून उन्हात ठेवतात, म्हणजे बुळबुळीत होत नाही. आपल्या घरांत त्यासाठी ताक, आमसूल किंवा लिंबू वापरतात.

सिफ्नोस बेटावर छोल्यांचा मान मोठा. छोले, कांदा, तेल, तमालपत्र आणि पाणी मातीच्या भांड्यात घालून शनिवारी संध्याकाळी लाकडाच्या भट्टीत ठेवायचे आणि रविवारी बाहेर काढायचे. मसाला जवळजवळ नाहीच. रात्रभराच्या धगीने दाणा लोण्यासारखा होतो. सांतोरिनीच्या पिवळ्या डाळीचा इतिहास तर फारच जुना: ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या अक्रोतिरी या कांस्ययुगीन नगरात तिचे दाणे सापडले आहेत. ही डाळ आपल्या विदर्भातल्या लाखोळीच्या कुळातली आहे.

या जेवणाकडे शास्त्रज्ञांचं लक्ष दुसऱ्या महायुद्धानंतर गेलं. १९४८ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनसाठी लेलँड ऑलबॉ यांनी क्रीट बेटाची पाहणी केली. बहुतेक कुटुंबं आपल्या जेवणावर समाधानी नव्हती, त्यांना मांस हवं होतं. हे विसरून त्या आहाराचे गोडवे गाणं मला अन्यायाचं वाटतं. १९५८ मध्ये अँसेल कीज यांनी सात देशांचा अभ्यास सुरू केला आणि त्यात क्रीटच्या पुरुषांमध्ये हृदयविकाराचे मृत्यू फारच कमी आढळले. श्रेय गेलं तेलाला. पण आहाराच्या नोंदींमध्ये उपवास जमेस धरलाच नव्हता, हा मुद्दा कातेरिना सारी आणि अँटनी काफाटोस यांनी २००५ मध्ये मांडला. मला तो पटतो. २०१० मध्ये युनेस्कोने भूमध्य सागरी आहाराला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा ग्रीसच्या वतीने कोरोनी हे गाव पुढे होतं.

नाताळाआधीच्या उपवासात ग्रीक घरांत ‘स्पानाकोरिझो’ म्हणजे पालकभात होतो. तो आपल्याकडे आज रात्रीही करता येईल, कारण पालक आणि शेपू दोन्ही आता बाजारात कोवळे मिळतात. कांद्याची पात सढळ तेलात परतायची, दोन जुड्या पालक चिरून त्यात बसवायचा, वाटीभर आखूड दाण्याचा तांदूळ, शेपू, मीठ आणि बेताचं पाणी घालायचं. भात मोकळा ठेवायचा नाही, आसट राहू द्यायचा. गॅस बंद केल्यावरच लिंबू पिळायचं, आधी पिळलं तर पालक काळपट पडतो.