चित्रातला चंद्र, गच्चीवरचा चंद्र

असरची नमाज झाली की रोजेदारांच्या घरात घड्याळ हळू चालू लागतं. स्वयंपाकघरात भज्यांचं पीठ भिजतंय, फळं चिरली जाताहेत आणि रोजा नसलेलं चार वर्षांचं पोर आईच्या ओढणीला लोंबकळतंय. अशा वेळी त्याच्या हातात मोबाइल दिला जातो. पोर गप्प बसतं. पण गप्प बसणं आणि शांत होणं वेगळं, हे नमाज पढणाऱ्याला चांगलं ठाऊक असतं. अंग सफमध्ये आणि मन बाजारात, असं मोठ्यांचंही होतं. मन हजर ठेवून उभं राहण्याला ‘खुशू’ म्हणतात.

हल्ली अशा हजर मनाला ‘माइंडफुलनेस’ म्हणतात. ‘डोळे मिटून बस’ म्हटल्यानं लहानग्यांना ते येत नाही. त्यांना उघड्या डोळ्यांनीच शिकवावं लागतं, आणि त्यासाठी चित्रांचं पुस्तक बरं. माधुरी पुरंदरे यांचं ‘चित्रवाचन’ मराठीत आहेच. पान उलटायची घाई नको. मुलाचं बोट थांबेल तिथे मोठ्यांनीही थांबावं. ‘हे काय, ते काय’ अशी परीक्षा सुरू झाली की मजा गेलीच म्हणून समजा. कोपऱ्यातलं मांजर कुठे बघतंय, एवढं विचारलं तरी पुष्कळ. आणि हो, त्या वेळी आपला फोनही दुसऱ्या खोलीत हवा. मुलं आपलं बघूनच शिकतात.

रमजानसाठी हेना खान यांचं ‘नाइट ऑफ द मून’ (२००८) आहे. चित्रं ज्युली पाश्किस यांची. सात वर्षांची यास्मीन महिनाभर चंद्र बघत राहते. पुस्तक इंग्रजी, पण चित्रं दाखवत गोष्ट घरच्या बोलीत सांगता येते.

मग मगरिबनंतर गच्चीवर जावं. पहिल्या दिवसांत कोर पश्चिमेला दिसते, तेराव्या-चौदाव्या रोजाला पूर्ण चंद्र पूर्वेला. सतराव्या-अठराव्याच्या सुमारास शेजारच्या गच्चीवरही कुणी त्याचीच वाट बघत असतं. त्यांची संकष्टी असते, चंद्र दिसल्याशिवाय जेवण नाही. दोन गच्च्यांवरची पोरं मग एकमेकांना ओरडून सांगतात, कुठे उगवला ते.

शेवटच्या रोजांत मात्र संध्याकाळी चंद्र सापडत नाही. मुलं विचारतात, कुठे गेला? तो सहरीच्या सुमारास पूर्वेला असतो, बारीक होत गेलेला. झोपमोड होईल म्हणून आया उठवत नाहीत. एकदा तरी उठवावं.