पाण्यातल्या झाडांना खत, पण जपून!

ॲक्सोलोटल हा प्राणी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलाय तो माइनक्राफ्ट गेममध्ये. २०२१ च्या अपडेटमध्ये तो आला आणि तेव्हापासून तो गुलाबी, हसऱ्या तोंडाचा प्राणी अनेकांना आपल्या टाकीत हवा असतो. आमच्या विंगमध्येही मेसच्या टेबलावर दोन दिवस हीच चर्चा चालली होती. टाकीत खरी झाडं लावायची, तर त्यांना खत कोणतं? एकाचं उत्तर तयार होतं, "काहून टेन्शन घेता बे, घरून मूठभर युरिया आणतो!" कापूस-सोयाबीनवाल्या घरचा मुलगा दुसरं काय सांगणार! पण नेमकं हेच करायचं नाही.

ॲक्सोलोटल म्हणजे मासा नव्हे. तो सॅलमँडर, बेडकाचा लांबचा भाऊबंद. मूळचा मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्कोच्या कालव्यांतला. आयुष्यभर पाण्यातच राहतो आणि त्याचे कल्ले पिसांसारखे डोक्याबाहेर असतात. कातडी इतकी नाजूक की तिच्यातूनही तो श्वास घेतो. माशाच्या अंगावर निदान खवले तरी असतात, याला तेही नाहीत. पाण्यात जे विरघळलंय ते याच्या अंगात सहज शिरतं.

आता युरियाचा हिशोब करू. टाकीतले जिवाणू युरिया फोडून अमोनिया करतात. १ ग्रॅम युरियापासून सुमारे ०.५७ ग्रॅम अमोनिया बनतो. टाकी ६० लिटरची धरली तर लिटरमागे जवळपास ९.४ मिलिग्रॅम! यातला सगळाच विषारी नसतो. काही भाग अमोनियम आयन म्हणून राहतो, तो त्यामानाने गरीब. पण पीएच ८ आणि तापमान २० अंश असेल तर सुमारे ४ टक्के विषारी रूपात असतो, आणि ३० अंशाला तोच ७ टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे लिटरमागे ०.७ मिलिग्रॅम. मासे पाळणारे लोक ०.०५ लासुद्धा घाबरतात. आणि हे फक्त १ ग्रॅमचं गणित झालं, मूठभर म्हणजे काय ते तुम्हीच ठरवा.

यात आणखी एक गंमत आहे. २०१५ पासून आपल्याकडच्या युरियावर कडुनिंबाचा लेप असतो. शेतात नत्र वाया जाऊ नये म्हणून, अमोनियाचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना तो मंदावतो. शेतकऱ्यासाठी छानच, पण टाकीत आपला सगळा भरवसा त्याच जिवाणूंवर असतो! प्राण्याच्या विष्ठेतला अमोनिया ते आधी नायट्राइट आणि मग त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट करतात, आणि ते नायट्रेट झाडं खातात. गांडुळं खाणारा एक ॲक्सोलोटल टाकीत इतकं नत्र सोडतो की वरून घालायची गरजच नसते.

आणि वर्ध्यात तर नत्र आधीच पाण्यात आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात भूजलात नायट्रेट जास्त असलेल्या जिल्ह्यांमध्ये वर्ध्याचं नाव आहे. सोबत अमरावती, यवतमाळ, बुलढाणाही आहेत. खतं, सांडपाणी आणि जनावरांचं मलमूत्र जमिनीत झिरपतं त्याचा हा परिणाम. पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम. ॲक्सोलोटल पाळणारे जाणकार २० च्या आत राहायला बघतात. म्हणजे माणसाला चालणारं पाणीही त्याला जड जाऊ शकतं, आणि "पाणी बदललं" म्हणून आपण खूश असताना बोअरच्या पाण्याने टाकीत नायट्रेट वाढलेलंही असू शकतं. म्हणून आधी टेस्ट किटने बोअरचं पाणी तपासा. जास्त निघालं तर त्यात आरओचं पाणी मिसळा. नुसतं आरओ मात्र नको, त्यात क्षार फारच कमी असतात.

मग झाडांना द्यायचं काय? जे टाकीत तयार होत नाही ते, म्हणजे मुख्यतः पोटॅश आणि लोह. कृषी केंद्रात ००:००:५० नावाचं विद्राव्य खत मिळतं, ते पोटॅशियम सल्फेट. ६० लिटरला अर्धा ग्रॅम घातलं की लिटरमागे साधारण साडेतीन मिलिग्रॅम पोटॅशियम मिळतं. आठवड्यातून एकदा, पाणी बदलल्यावर, वेगळ्या भांड्यात विरघळवूनच घाला. शेजारचंच १९:१९:१९ उचलू नका, त्यात युरिया आणि अमोनियम दोन्ही असू शकतं. लोह ईडीटीएमध्ये बांधलेलं घ्यावं. हो, तेच ईडीटीए, ज्याने फर्स्ट इयरला आपण पाण्याचा कठीणपणा मोजतो. नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तरच द्या, तेही बाटलीवर लिहिलंय त्याच्या पाव भाग.

मोरचूद तर अजिबात नको. संत्र्याच्या बागेत बोर्डो मिश्रणात ते चालतं, पण तांबं उभयचरांना घातक आहे. शेवाळ मारायच्या औषधांतही ते असतं, लेबल वाचा. "लिक्विड कार्बन" म्हणून विकतात त्यात बहुधा ग्लुटाराल्डिहाइड असतं, हॉस्पिटलात उपकरणं निर्जंतुक करतात ते! मुळाशी पुरायच्या खताच्या गोळ्याही टाळा, कारण हा प्राणी तळ उकरतो आणि तोंडात मावेल ते गिळतो. त्यापेक्षा जावा फर्न, अनुबियास दगडाला बांधा. ही झाडं कमी उजेडात जगतात आणि खत कमी मागतात. ॲक्सोलोटलला पापण्या नसतात, त्यामुळे प्रखर दिवा त्यालाही नकोच असतो.

खरं सांगायचं तर हॉस्टेलवर ॲक्सोलोटल आणूच नये असं माझं मत आहे. त्याला १६ ते १८ अंशाचं पाणी लागतं आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. लाइट गेली की संपलं. शिवाय तो साइटिसच्या यादीतला प्राणी आहे, २०२२ च्या वन्यजीव कायदा दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंदणी करावी लागते. गप्पी आणि हायड्रिलाची टाकी करा. वरचा सगळा हिशोब तिथेही लागू पडतो. खत घातल्यावर मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर पुढचा डोस विसरा आणि लगेच अर्धं पाणी बदला.