जांभळ्या तुऱ्यांचं बूड पाहा

उत्तर अमेरिकेच्या प्रेअरीत, म्हणजे तिथल्या अफाट गवताळ माळांवर, उन्हाळा उतरू लागला की कमरेएवढे जांभळे तुरे उभे राहतात. नाव ब्लेझिंग स्टार, प्रजाती लिआट्रिस, कूळ सूर्यफुलाचं. तुरा फुलतो मात्र उलटा, शेंड्याकडून खाली.

यातल्या जाती ओळखताना रंगावर गेलात की फसलात. एकेक ‘फूल’ म्हणजे बारीक फुलांचा गुच्छ असतो. तो उचलून बुडाशी पाहा: कौलांसारखी एकावर एक बसलेली हिरवी छदं दिसतील. सगळी मेख तिथेच! ‘स्पायकाटा’मध्ये छदं अंगाला चिकटलेली, टोकाला बोथट. ‘पिक्नोस्टॅकिया’त तीच टोकदार आणि बाहेर वळलेली. ‘आस्पेरा’ची गोलसर, फुगीर, कडेला पातळ गुलाबी झालर असलेली, शिवाय तिचे गुच्छ दांड्यावर सुटेसुटे. ‘सिलिंड्रेशिया’साठी बीवरचा केस भिंगाखाली धरावा, तो पिसासारखा दिसतो.

शेजारी वाढणाऱ्या जातींचा संकरही होतो. मग जाणकारही डोकं खाजवतात. तिकडे गेलात तर फोटो तुऱ्याचा काढाच, पण एक बुडाचाही काढा.