माल रातोरात गायब होण्याआधी: कोर्ट कमिशनरचा आदेश समजून घ्या



समजा, खोपोलीत शिळफाट्याजवळ तुमचा मसाल्याचा गाळा आहे. पाच वर्षं घाम गाळून ब्रँड उभा केलात. एक दिवस कर्जतचा दुकानदार फोन करतो, "दादा, या वेळच्या मसाल्याचा वास वेगळाच येतोय हो." तुम्ही जाऊन बघता. पाकीट तुमचं, नाव तुमचं, आतला मसाला मात्र दुसऱ्याचा! चौकशीत कळतं, काम सोडून गेलेला माणूसच साजगावातल्या शेडमध्ये माल भरतोय.

इथे बहुतेक जण एकच चूक करतात. तावातावाने फोन लावतात, "बघतोच तुला कोर्टात!" झालं. रात्रीत टेम्पो भरून माल हलतो, बिलबुकं जळतात, मेसेज डिलीट होतात. मग कोर्टाला दाखवणार काय?

न सांगता तपासणी

हाच पेच १९७५ साली इंग्लंडच्या कोर्टापुढे आला. अँटन पिलर या जर्मन कंपनीला संशय होता, की आपलाच एजंट गोपनीय माहिती स्पर्धकांना पुरवतोय. आधी नोटीस दिली तर कागद नाहीसे होणार. म्हणून लॉर्ड डेनिंग यांच्या कोर्टाने नोटिशीशिवाय तपासणीची मुभा दिली. तेव्हापासून अशा आदेशाला 'अँटन पिलर ऑर्डर' म्हणतात.

आपल्याकडे हेच काम दिवाणी प्रक्रिया संहितेतून होतं. आदेश ३९ नियम ७ खाली वादातल्या वस्तूची तपासणी आणि जतन, तर आदेश २६ खाली कोर्ट कमिशनरची नेमणूक. मुंबई उच्च न्यायालय अशा कामासाठी कोर्ट रिसीव्हरही नेमतं. ट्रेडमार्क कायदा १९९९ च्या कलम १३५ मध्ये तर नकली माल आणि कागदपत्रं जपून ठेवण्याचा एकतर्फी आदेश स्पष्टच लिहिलाय.

लक्षात ठेवा, ट्रेडमार्कचा दावा खालापूरच्या तालुका कोर्टात चालत नाही. तो जिल्हा न्यायालयाच्या खाली दाखल होत नाही, आणि रायगडचं जिल्हा न्यायालय आहे अलिबागला. दाव्याचं मूल्य ३ लाख किंवा जास्त असेल तर व्यापारी न्यायालयाचे नियम लागतात. तिथे एरवी आधी मध्यस्थी करावी लागते, पण खरोखर तातडीचा आदेश हवा असेल तर त्यातून सूट आहे.

कोर्टाला काय पटवायचं?

१. तुमची बाजू सकृतदर्शनी भक्कम आहे.
२. आदेश न मिळाल्यास नुकसान मोठं आहे.
३. पुरावा समोरच्याकडेच आहे आणि तो नष्ट करण्याची खरी भीती आहे.

म्हणून आधी गुपचूप नकली पाकीट विकत घ्या. बिल घ्या, फोटो काढा, तारीख लिहून ठेवा. आणि वकिलापासून काही लपवू नका. जुनी भागीदारी, थकलेला पगार, तोंडी दिलेली परवानगी, सगळं सांगा. समोरचा हजर नसताना आदेश मागताय, तेव्हा त्याच्या बाजूची गोष्टही तुम्हीच कोर्टासमोर ठेवायची असते. लपवलंत आणि उघड झालं, तर मिळालेला आदेशही जातो.

तुमच्याच दारात कमिशनर आला तर?

घाबरू नका, तो पोलीस नाही. आदेशाची प्रत मागा आणि नीट वाचा: कुठली जागा, कुठल्या वस्तू? लगेच वकिलाला फोन करा. अडवू नका, काही डिलीट करू नका. नष्ट केलेला पुरावा तुमच्याच विरोधात बोलतो. पंचनाम्यात प्रत्येक वस्तूची नोंद बघा, चूक असेल तर हरकत तिथेच लिहायला लावा. नंतर आदेश रद्द करण्यासाठी अर्ज करता येतो. वादाची चाहूल आधीच लागली असेल, तर कॅव्हेट दाखल करून ठेवा. ते ९० दिवस चालतं.

या आठवड्याचा गृहपाठ

ट्रेडमार्कचा अर्ज भरा. एकट्या मालकाला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन फी एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे. पाकिटाच्या डिझाइनची पहिली बिलं जपून ठेवा. कामगारांशी गोपनीयतेचा साधा लेखी करार करा. आणि रेसिपीची वही एकाच कुलपात, एकाच किल्लीने!

प्रत्येक केस वेगळी असते, त्यामुळे पाऊल उचलण्याआधी वकिलाला भेटाच. फक्त समोरच्याला फोन करण्याआधी भेटा, नंतर नाही.