चूक दवाखान्याची, बिल घरच्यांचे

पेण असो वा रोहा, घरात कुणी गंभीर आजारी पडले की आमची वाट ठरलेली असते. आधी जवळचा डॉक्टर, मग उपजिल्हा रुग्णालय, तिथून अलिबाग किंवा पनवेल, आणि शेवटी मुंबई. बायकांचे दागिने गहाण जातात, आखातातल्या मुलाला फोन जातो, जमातीत वर्गणी निघते. आजाराच्या खर्चाबद्दल कुणाची तक्रार नसते. पण चुकीचे औषध, ऑपरेशनमधली हलगर्जी किंवा दवाखान्यातच झालेला संसर्ग यामुळे रुग्ण पुन्हा दाखल झाला, तरी दुसरे बिल आम्हीच भरतो. बुडालेली मजुरी, गाडीभाडे, कर्जाचे हप्ते हे तर कुठल्याच बिलात येत नाहीत. "तकदीर" म्हणून आम्ही गप्प बसतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार उपचार घेताना दर दहा रुग्णांपैकी सुमारे एकाला अपाय होतो आणि त्यातला निम्म्याहून अधिक टाळता येण्यासारखा असतो. श्रीमंत देशांतही रुग्णालयांच्या खर्चापैकी सुमारे १५ टक्के खर्च असे अपाय निस्तरण्यात जातो. तिथे तो बहुतेक सरकार किंवा विमा कंपनी सोसते. आपल्याकडे घर सोसते.

हा खर्च परत मागता येतो का? येतो, पण सोपे नाही. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनारी एका तरुणाचे मांडीचे हाड मोडले. वडिलांनी त्याला टॅक्सीने सुमारे दोनशे मैलांवर पुण्याला नेले. तिथे पुरेशी भूल न देता जोर लावून हाड ओढले गेले आणि त्याच दिवशी मुलगा गेला. कोर्टाने ३,००० रुपये भरपाई दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये ती कायम केली. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ मध्ये ऑपरेशनच्या वेळी एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती दगावली. तिच्या घरच्यांच्या ३६,००० रुपयांच्या भरपाईवर शेवटचा शिक्का बसला तो १९९६ मध्ये. सरकारी नोकरांच्या हलगर्जीची जबाबदारी सरकारवर येते, हे त्या निकालाने ठरले.

आता वाट थोडी जवळची आहे. १९९५ च्या निकालापासून पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली येतात. रायगडचा जिल्हा ग्राहक आयोग अलिबागला आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. उपचारासाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. जिथे सगळ्यांनाच उपचार फुकट मिळतात ते सरकारी रुग्णालय या कायद्यात येत नाही. त्यासाठी दिवाणी कोर्टात जावे लागते.

मात्र रुग्ण दगावला म्हणजे डॉक्टर चुकलाच, असे नाही. सगळे नीट करूनही कधी हाती यश येत नाही. म्हणून आरडाओरडा किंवा तोडफोड कामाची नाही, कागद कामाचा. डॉक्टरांसाठीच्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागणी केल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. मागणी लेखी करा आणि प्रतीवर पोच घ्या. केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे अहवाल, औषधांची पक्की बिले, गाडीभाड्याच्या पावत्या, बुडालेल्या दिवसांचा हिशेब हे सगळे एका फाइलमध्ये ठेवा. बहुतेक घरांत हीच फाइल नसते. महिना उलटला की पावती सापडत नाही, वर्ष उलटले की तारीख आठवत नाही.

रुग्णाच्या बिलासाठी जमातीत वर्गणी काढताना आम्ही कधी मागे राहत नाही. तशीच दवाखान्याचे कागद समजणारी, अर्ज लिहून देणारी एक-दोन शिकलेली मुले-मुली प्रत्येक मोहल्ल्यात उभी राहिली पाहिजेत. मौत-हयात अल्लाहच्या हाती आहे, पण बिलाचा हिशेब माणसांनी माणसांना द्यायचा असतो. तो मागण्याने सबर कमी होत नाही.